मिश्र जमिनीसाठी रिमोटची बग्गी : टीटी-०२बी आणि तिचे दोन पर्याय

रिमोटवर चालणारी बग्गी घेताना दुकानदार सर्वांत आधी तिचा कमाल वेग सांगतो. इंदूरमध्ये राहणाऱ्या माणसाने मात्र त्याआधी ती कोणत्या जमिनीवर चालणार आहे याचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. रामबागेसारख्या जुन्या वस्तीत फरशीचे अंगण आणि पेव्हर ब्लॉकची गल्ली मिळते. सुपर कॉरिडॉरच्या बाजूला अजून न बांधलेल्या भूखंडांवर मुरूम, सांडलेली खडी आणि वाळलेले गवत मिळते. आणि या सगळ्याखाली माळव्याची काळी माती असते, जी उन्हाळ्यात बोटभर भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला लपेटून बसते. एकाच संध्याकाळी या सगळ्यावरून हिंडायचे आणि रविवारी चार स्नेह्यांसोबत मैदानात पाइप अंथरून आखलेल्या वळणावळणाच्या ट्रॅकवर फेऱ्याही मारायच्या, अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे.

मी स्वतः तामिया कंपनीची टीटी-०२बी या चेसिसवरची, म्हणजे सांगाड्यावरची बग्गी वापरते. ही १:१० प्रमाणातली, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, चारही चाकांना ताकद पोहोचवणारी गाडी आहे आणि ती बहुधा सुट्या भागांच्या संचाच्या स्वरूपात विकली जाते. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या या कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही पहिली रिमोट कार काढली आणि १९७९ मध्ये रफ रायडर व सँड स्कॉर्चर या बग्ग्या आणल्या. हा इतिहास खरेदीच्या वेळी निरुपयोगी वाटेल, पण एकच सांगाडा वर्षानुवर्षे चालू ठेवायचा आणि त्यावर वेगवेगळ्या बॉडी बसवायच्या, ही या कंपनीची जुनी रीत आहे. प्लाझ्मा एज टू, निओ स्कॉर्चर आणि ड्युअल रिज ही नावे वेगळी असली तरी खालची गाडी तीच आहे. त्यामुळे एका मॉडेलचा आर्म, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणारा हात, दुसऱ्याला बसतो, आणि सुटे भाग मिळणे ज्या गावात कठीण आहे तिथे ही गोष्ट वेगापेक्षा कितीतरी मोलाची ठरते.

पेटीत काय नसते, हे आधी समजून घ्यावे. ट्रान्समीटर, रिसीव्हर, सुकाणू फिरवणारा सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि रंग हे सर्व वेगळे घ्यावे लागते. मोटारीचा वेग नियंत्रित करणारा ईएससी काही पेट्यांत असतो आणि काहींत नसतो, म्हणून पैसे देण्यापूर्वी पेटीवरचा मजकूर वाचावा. या सगळ्याची बेरीज केली की संचाची किंमत आणि प्रत्यक्ष खर्च यांत मोठी तफावत पडते. ज्यांना पेटी उघडून त्याच संध्याकाळी गाडी चालवायची आहे, त्यांनी हा संच घेऊ नये.

ज्यांना मात्र जोडणीची आवड आहे, त्यांच्यासाठी यातला आनंद निराळाच आहे. पुस्तिकेत प्रत्येक स्क्रू त्याच्या खऱ्या आकारात छापलेला असतो. हातातला स्क्रू चित्रावर ठेवून पाहिला की तो तीन मिलिमीटरने लांब आहे की नाही, हे लगेच कळते. या स्क्रूंची खाच जपानी मापाची असते आणि आपल्याकडचा साधा चौफुली पेचकस त्यात नीट न बसता निसटतो व डोके खाऊन टाकतो, तेव्हा एक जपानी मापाचा पेचकस संचासोबतच मागवावा. सर्वांत निगुतीने करायचे काम म्हणजे धक्के झेलणाऱ्या चार शॉकॲबमध्ये तेल भरणे. नळी उभी धरून काठोकाठ तेल ओतायचे, पिस्टन अगदी सावकाश वरखाली करायचा, बारीक बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबायचे आणि मगच झाकण फिरवायचे. नंतर डाव्या-उजव्या शॉकॲबचे दांडे एकाच वेळी दाबून सोडावेत. दोन्ही सारख्या गतीने परत आले नाहीत तर एकात हवा राहिली आहे असे समजावे आणि झाकण पुन्हा उघडावे. हे काम घाईत उरकले तर पुढे गाडी एकाच बाजूला का झुकते, याचा शोध मैदानात घेत बसावा लागतो.

जमिनीवर ही बग्गी कशी वागते, ते आता सांगते. मुरमावर आणि कोरड्या, मोकळ्या मातीवर ती उत्तम चालते. चारही चाके ओढत असल्याने नवख्या माणसाने वळणात जास्त थ्रॉटल दिले, म्हणजे वेग वाढवला, तरी ती गरकन फिरत नाही, थोडे मोठे वळण घेते आणि सावरते. फक्त मागच्या चाकांवर चालणारी बग्गी हलकी आणि शिकण्यासाठी चांगली असली, तरी सैल खडीवर ती नवशिक्याला फार छळते, असे मी अनेकांच्या हाती पाहिले आहे. टीटी-०२बीचे पुढचे आणि मागचे गिअर बंद पेटीत असतात, म्हणून बारीक खडा दातांत अडकण्याची भीती कमी असते. तिचा सांगाडा मात्र टबासारखा आहे. खाली तो बंद असल्याने दगड आत येत नाहीत, पण वरून पडलेली माती आतच साठते आणि प्रत्येक फेरीनंतर गाडी उलटी करून झटकावी लागते.

रचनेतली खरी मर्यादा तिच्या साध्या बुशमध्ये आहे. संचात चाकांच्या आणि गिअरच्या आसांवर बॉल बेअरिंगऐवजी बुश, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या साध्या कड्या, दिलेले असतात. घराच्या अंगणात ते चालून जातात, पण काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, ती बुश आणि आस यांच्यामध्ये शिरून पॉलिश पेपरचे काम करते आणि चाक डगमगू लागते. म्हणून जोडणीच्या वेळीच बेअरिंग घालावेत, नंतर संपूर्ण गाडी उघडण्याचा व्याप करू नये. मुख्यतः लागणारे माप ५ मिमी आत, ११ मिमी बाहेर आणि ४ मिमी जाडी असे आहे. हे माप सर्वमान्य असल्याने ते तामियाच्या पाकिटातच घ्यावे असे बंधन नाही. बेअरिंगच्या दुकानात माप सांगून रबरी सीलचे मागावेत, कारण पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये धूळ लवकर जाते.

ट्रॅकवर हिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी? स्पर्धेसाठी बनवलेल्या बग्गीत चाकांचा कल, डिफरन्शियलमधले (वळणात डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरमधले) तेल, शॉकॲबचा कोन असे सर्व काही बदलता येते. इथे बरेच दुवे ठरावीक लांबीचे आहेत आणि सुकाणूच्या सांध्यांत थोडी ढील राहतेच. हौशी ट्रॅकवर मला हा दोष वाटत नाही. उलट सर्वांच्या गाड्या सारख्याच साध्या असल्या की कोण जिंकले, ते हातावर ठरते. एक बदल मात्र जरूर करावा. मागच्या डिफरन्शियलमध्ये नेहमीचे ग्रीस आणि पुढच्यामध्ये त्याहून घट्ट ग्रीस भरावे. वळणात आतले पुढचे चाक हलके होते, तेव्हा सैल डिफरन्शियल सगळी ताकद त्याच चाकाला देऊन टाकते आणि ते नुसते भिरभिरते. घट्ट ग्रीस ताकद बाहेरच्या चाकाकडे राखते आणि गाडी वळणातून ओढत बाहेर काढते. हा फरक पहिल्याच फेरीत जाणवतो.

आता पहिला पर्याय. डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ ही १:१४ प्रमाणातली बग्गी तयार मिळते, तिचा सांगाडा धातूचा आहे, तिला ५५० आकाराची मोटार आणि ७.४ व्होल्टची, १५०० एमएएचची बॅटरी येते, आणि उत्पादक ताशी ६० किलोमीटर वेगाचा दावा करतो. या आकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. पंचवीस मीटरच्या गल्लीत गाडी त्या वेगाला पोहोचलीच तर दीड सेकंदात समोरच्या भिंतीवर असेल. तो वेग घराजवळ कधीच वापरता येत नाही, आणि ज्या मैदानावर वापरता येईल तिथल्या खडबडीत जमिनीला तिची चाके लहान पडतात. तीन सेंटिमीटरचा दगड मोठ्या गाडीला किरकोळ असतो, हिच्यासाठी तो उंबरठा होतो. सिमेंटचे बास्केटबॉल कोर्ट, गच्ची, पेव्हरचे आवार किंवा घट्ट बसवलेल्या मातीचा छोटा ट्रॅक असेल, तर मात्र हिच्याइतकी चपळ आणि पैशाला पुरेपूर उतरणारी गाडी शोधून सापडणार नाही. खरेदीदाराची नव्वद टक्के चाल कठीण पृष्ठभागावर असेल, तर मी त्याला हीच घ्यायला सांगेन.

हिच्यासारख्या, मोटार सरकवता येणाऱ्या गाड्यांत एक काम आठवणीने करावे. मोटारीवरचा छोटा गिअर आणि समोरचा मोठा गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची अरुंद पट्टी घालावी, मोटार त्यावर हलकेच दाबून स्क्रू कसावेत आणि मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दातांच्या स्वच्छ घड्या उमटल्या आणि कागद फाटला नाही, तर अंतर बरोबर आहे. फाटला तर दात एकमेकांत रुतले आहेत आणि मोटार विनाकारण तापणार आहे.

दुसरा पर्याय १:८ प्रमाणातल्या, जोमदार ब्रशलेस मोटारीवर चालणाऱ्या गाड्यांचा, उदाहरणार्थ आर्माची टायफन थ्री-एस. मोठी चाके, लांब चालीचे शॉकॲब आणि तीन सेलच्या बॅटरीवर ताशी ८० किलोमीटरपुढे जाण्याचा उत्पादकाचा दावा, या सगळ्यामुळे नांगरलेल्या शेताच्या बांधावरूनही ती जाऊ शकते. मिश्र जमिनीचा निकष एकटाच लावला तर तिघींत तीच सरस आहे. पण तेवढे वजन तेवढ्या वेगाने एखाद्या मुलाच्या पायावर आदळले तर हाड मोडू शकते, आणि आपल्या मैदानांत क्रिकेट खेळणारी मुले, फेरफटका मारणारे आजी-आजोबा आणि भटकी कुत्री एकाच वेळी असतात. शहराबाहेर स्वतःची मोकळी जागा असल्याशिवाय ही गाडी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगते. घेतलीच तर ट्रान्समीटरवरून थ्रॉटलची मर्यादा निम्म्यावर आणावी आणि सिग्नल तुटल्यावर मोटार आपोआप थांबते की नाही, हे चाके हवेत धरून, ट्रान्समीटर बंद करून तपासावे.

बॅटरीबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे लिहिते. निकेल-मेटल हायड्राइडची सहा सेलची, ७.२ व्होल्टची बॅटरी नवशिक्याला पुरेशी आहे आणि ती बरीच सोशीक असते. लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी आणि जोमदार असते, मात्र तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चढवायचा नसतो आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नसतो; ज्या ईएससीमध्ये लिपोसाठी आपोआप बंद होण्याची सोय नाही, त्याला ती जोडूच नये. चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजून समतोल राखणारा असावा, आणि चार्जिंग चालू असताना घराबाहेर जाऊ नये. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी उभ्या केलेल्या मोटारगाडीत लिपो ठेवणे धोक्याचे आहे. माळव्याच्या संध्याकाळी सुखद असतात. साडेसहानंतर मैदानात जावे, म्हणजे मोटारही कमी तापते आणि माणूसही. एक बॅटरी संपली की मोटारीला बोट लावून पाहावे आणि दोन-तीन सेकंद बोट टेकवता येत नसेल तर दुसरी बॅटरी लगेच जोडू नये.

सुट्या भागांचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण निवड बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्यात टपालाचा खर्च मिळवला तर परदेशातून एकटा आर्म मागवणे परवडत नाही. म्हणून भारतातल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे, आणि गाडीच्या आधी भागांची चौकशी करावी. ज्या विक्रेत्याकडून मी एकदा दुसरी एक गाडी घेतली होती, त्याने गाडी दोन दिवसांत पोहोचवली, परंतु पुढचा आर्म मागितल्यावर उत्तर देणेच बंद केले. तेव्हापासून मी खरेदीआधी तीन भाग आहेत का, हे विचारते: पुढचे दोन आर्म, चाक धरणारा पुढचा नकल, आणि मोटारीवरचा छोटा गिअर. हे तिन्ही शेल्फवर असतील तरच ऑर्डर द्यावी आणि पहिल्याच पार्सलमध्ये पुढच्या आर्मची एक जोडी मागवावी, कारण भिंतीला किंवा पाइपाला धडकताना सर्वांत आधी तोच भाग तुटतो. कनेक्टर, जाड वायर, सोल्डर असे किरकोळ सामान जेल रोडवर मिळून जाते, त्यासाठी पार्सलची वाट पाहण्याचे कारण नाही.

टायरच्या बाबतीत मात्र एकाच जोडावर भागत नाही. उंच काट्यांचे टायर गवतावर आणि भुसभुशीत मातीवर चांगली पकड देतात, पण पेव्हरवर ते झपाट्याने झिजतात. आखूड, दाट काट्यांचे टायर घट्ट जमिनीसाठी ठेवावेत. १:१० बग्गीचे १२ मिमी षटकोनी हब सर्वत्र चालणारे असल्याने दुसरा जोड सहज मिळतो. पावसाळ्यात काळ्या मातीवर कोणताही टायर निरुपयोगी आहे, कारण माती काट्यांच्या मध्ये भरून चाक गुळगुळीत आणि दुप्पट जड होते, आणि तो भार शेवटी गिअर आणि सर्व्होवर पडतो. जुलै ते सप्टेंबर या काळात मी गाडी फक्त मुरमावर आणि कोर्टवर नेते. परतल्यावर माती ओली असताना पुसत नाही. ती पूर्ण वाळू देते, मग जुन्या रंगाच्या ब्रशने आसांच्या सांध्यांतून झाडून काढते, आणि बेअरिंगना पाणी लागले असेल तर प्रत्येकात हलक्या तेलाचा एकेक थेंब सोडते.