राणीच्या बागेत काय न्यावे: जलरंगांची पेटी की वॉटरकलर पेन्सिली?

प्राणिसंग्रहालयात बसून प्रत्यक्ष प्राण्यांवरून चित्रे काढायची असे ज्यांनी ठरवले आहे आणि साध्या पेन्सिलीने रेखाटन करण्याचा सराव झाल्यावर ज्यांना आता रंगही सोबत न्यावेसे वाटतात, त्यांच्यापुढे बहुधा दोन पर्याय उरतात. एक म्हणजे हाफ पॅनची, म्हणजे सुक्या रंगाच्या छोट्या वड्यांची, लहान जलरंगांची पेटी आणि दुसरा म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगपेन्सिली, ज्या दुकानात वॉटरकलर पेन्सिल याच नावाने मागाव्या लागतात. मी भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, आणि पुण्याला जाणे झाले की कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात, चार वर्षे पेटी घेऊन बसलो आणि गेली तीन वर्षे पेन्सिली घेऊन बसतो आहे. त्यामुळे माझा कल कोणीकडे आहे हे लपून राहणार नाही. तरीही पेटीने मला जे दिले तेही सांगणे मला आवश्यक वाटते.

दोन्ही साधनांकडे पाहण्याआधी या कामाची एक खूण लक्षात घ्यावी लागते. प्राणी आपल्यासाठी बसत नाही, पण तो पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. अस्वल एकाच वाटेने फेऱ्या घालते आणि प्रत्येक फेरीत त्याच दगडापाशी, त्याच बाजूला मान टाकून वळते. म्हणून एका पानावर एक चित्र काढायचे नसते. चार-पाच अर्धवट चित्रे सुरू ठेवायची असतात आणि प्राणी ज्या स्थितीत परत येईल त्या चित्रावर हात फिरवायचा असतो. वळताना उचललेला पुढचा पंजा पहिल्या फेरीत जेमतेम दोन रेषांत येतो, तिसऱ्या फेरीत त्याची नखे दिसू लागतात आणि सहाव्या फेरीत खांद्याचे हाड नेमके कुठे वर येते हे कळते. जे साधन या ये-जा करण्याला मोकळीक देते ते इथे उपयोगाचे, अशी माझी साधी कसोटी आहे.

जलरंगांच्या बाजूने पहिली गोष्ट अशी की ओल्या कातडीचा रंग ओल्या रंगानेच उतरतो. पाणघोडा पाण्यातून डोके वर काढतो तेव्हा त्याच्या पाठीवर आकाशाचा फिकट निळसर पट्टा दिसतो, डोळ्यांभोवती आणि कानांमागे गुलाबी छटा असते आणि या दोन्हींच्या मध्ये करड्या-जांभळ्या रंगाचा असा एक टप्पा असतो की तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे सांगता येत नाही. मोठ्या ब्रशचा एक भरलेला वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचा पातळ थर, त्यात ओले असतानाच सोडलेला गुलाबी थेंब, आणि काम झाले. पेन्सिलीने हे इतक्या सहज होत नाही, आणि होते असे मी म्हणणारही नाही. तीच गोष्ट मुक्त पक्षीविहारातल्या चित्रबलाकाच्या पंखांवरच्या गुलाबी रंगाची. ज्यांचे मन मुळात रंगात आहे आणि रेषेत कमी आहे, त्यांना पेटी सोडवणार नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

मग मी ती का सोडली? पान वाळत नाही म्हणून. हे कारण किरकोळ वाटेल, पण माझा निर्णय त्यावरच झाला, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

वॉश वाळणे म्हणजे कागदावरचे पाणी हवेत जाणे, आणि हवाच पाण्याने भरलेली असेल तर ते जाणार कुठे? मे महिन्यात कात्रजला बाटलीचे झाकण लावेपर्यंत माझा वॉश वाळलेला असे. जुलैत भायखळ्याला मी वही बाकावर उघडी ठेवून, सोबत आलेल्या पुतण्याला राखणीला बसवून, बिबट्याच्या काचेपर्यंत चालत जाऊन परत आलो, तरी बोट लावले की रंग बोटाला येई. कापसाचा जाड कागद घ्यावा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो कागद उत्तम आहे, पण तो पाणी अधिक काळ धरून ठेवतो, त्यामुळे पावसाळ्यात त्याने माझी अडचण वाढवलीच.

एका जुलैच्या सकाळी मी पाणघोड्यासमोर बसलो होतो. पाणघोडा दिवसा बराच वेळ पाण्यात असतो. दर काही मिनिटांनी नाकपुड्या उघडतात, कान एकदा झटकले जातात, आणि पुन्हा सगळे शांत होते. डाव्या पानावर मी डोक्याचा अभ्यास केला होता आणि उजव्या पानावर पाठीचा मोठा वॉश टाकला होता. दोन्ही पाने ओली होती. आणि त्याच वेळी तो बाहेर आला. आखूड पाय टेकत, पोट जमिनीलगत आणत तो उतारावर चढला आणि पूर्ण आडवा उभा राहिला, ज्याची मी कित्येक रविवार वाट पाहिली होती. पान उलटले तर दोन्ही ओली चित्रे एकमेकांवर दाबली जाणार होती. वही मांडीवर तशीच उघडी धरून मी पिशवीत एखादा पाठकोरा कागद शोधत होतो, तोवर तो वळला. त्या सकाळचे माझ्याकडे मागचे दोन पाय आणि शेपूट एवढेच आहे.

त्यानंतर मी उपाय केले नाहीत असे नाही. दोन वह्या आलटून पालटून वापरल्या, तर एकावेळी एक वही सांभाळायला एक हात गुंतून राहिला. फळीवर क्लिप लावून सुटे कागद नेले, तर वाऱ्याने आणि गर्दीने त्यांची व्यवस्था राहीना. टिपकागदाने टिपून पाहिले, पण टिपकागद पाण्यासोबत रंगही उचलतो आणि वॉशचा जो तजेला असतो तोच निघून जातो. प्रत्येक उपाय थोडा थोडा उपयोगी पडला, पण मूळ गोष्ट बदलली नाही: पेटी घेऊन बसलो की पुढची रेष कधी काढायची हे पाणी ठरवत असे.

वॉटरकलर पेन्सिलींनी हे उलटे केले. पाणी कधी लावायचे, हे आता मी ठरवतो. जागेवर मी कोरडेच काम करतो, रंगीत रेषेने आकार बांधतो, छायेच्या भागात तिरप्या रेषा भरतो, आणि प्राणी हलला की विनासंकोच पान उलटतो. तो परत आला की मागचे पान काढतो आणि तिथूनच पुढे सुरू करतो. पाणी लावायचे ते निघण्याआधी एखाद-दुसऱ्या चित्रावर, आणि बाकीच्यांवर घरी पंख्याखाली. घरी पाणी लावताना प्राणी समोर नसतो, ही उणीव आहे. पण रेषा खऱ्या प्राण्यावरून आलेली असते आणि वॉश तिच्या मागोमाग जातो, त्यामुळे आकार बिघडत नाही असा माझा अनुभव आहे.

याचे उदाहरण म्हणून कात्रजचा गवा सांगतो. पूर्ण वाढलेला नर गवा लांबून सरसकट काळा दिसतो, आणि पेटी असताना मी त्याला काळ्याच्या जवळ जाणारा एक गडद वॉश देऊन मोकळा होत असे. पेन्सिलीने काढायला बसल्यावर मला त्याची पाठ पहिल्यांदा नीट दिसली. खांद्यापासून निघालेला उंच कणा पाठीच्या साधारण मध्यापर्यंत जातो आणि तिथे पायरी उतरावी तसा एकदम खाली येतो. मणक्यांची वर गेलेली लांब हाडे तो उंचवटा उचलून धरतात, त्यामुळे गवा रवंथ करत बसला असला तरी ती पायरी लपत नाही. सेपिया रंगाने मी तो उंचवटा बांधला, वर गडद इंडिगोच्या रेषा दिल्या, आणि पाणी लावल्यावर दोन्ही मिळून जो काळा झाला त्यात तपकिरी ऊबही राहिली आणि निळा थंडपणाही. गुडघ्याखालचे पांढरे पाय म्हणजे नुसता कोरा कागद आहे. त्याभोवती कोरड्या पेन्सिलीने कड राखणे जितके सोपे गेले तितके मला ब्रशने कधी साधले नव्हते.

रेषा आधी आणि रंग मागाहून, हा काही नवा विचार नाही. रेम्ब्राँने १६३७ मध्ये काढलेला हत्ती आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे, आणि तो काळ्या खडूत आहे. सोंडेवरच्या आणि गुडघ्यांवरच्या सैल कातडीचे वजन त्या कोरड्या रेषेतूनच जाणवते. याच्या उलट, जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने १६२१ साली रंगवलेला झेब्रा अपारदर्शक जलरंगात आहे आणि प्राण्याचे इतके नितळ, संयमी चित्र मी दुसरे पाहिलेले नाही. पण ते निवांतपणे पूर्णत्वाला नेलेले काम दिसते, आणि आपल्यापुढचा प्रश्न कठड्याजवळ बसून पहिला तास कसा घालवायचा हा आहे.

पेन्सिलींचे दोषही आहेत आणि ते मी झाकणार नाही. कोरडा आणि ओला रंग यांत फरक पडतो. विशेषतः गडद रंग पाणी लागताच अनपेक्षितपणे उसळतात, त्यामुळे आपल्या प्रत्येक पेन्सिलीचा कोरडा-ओला नमुना वहीच्या शेवटच्या पानावर करून ठेवावा लागतो. पहिली रेष दाबून काढली असेल तर ती पाण्याने पूर्ण विरघळत नाही आणि हरणाच्या मऊ पोटावर ती टोचते. पेन्सिल एकदा फरशीवर पडली की आतली कांडी जागोजागी मोडते आणि मग प्रत्येक वेळी टोक काढताना तुकडा हातात येतो. म्हणून मी त्या टिनच्या डब्यात न ठेवता कापडाच्या गुंडाळीत ठेवतो. गुलाबी आणि जांभळ्या छटांपैकी काही उन्हात लवकर फिकट होतात, तेव्हा चित्र भिंतीवर लावायचे असेल तर पेन्सिलीवरची टिकाऊपणाची खूण पाहूनच घ्यावी. वजन, किंमत आणि जागा यांत दोहोंमध्ये मला फारसा फरक जाणवला नाही.

याउलट ज्यांचे जाणे मुख्यतः नोव्हेंबर ते मे या काळात आणि तेही पुण्यासारख्या कोरड्या हवेत आहे, त्यांना माझी तक्रार तितकी लागू पडणार नाही. तसेच ज्यांना मगर, अजगर किंवा दुपारी झोपलेला सिंह यांसारखे स्वस्थ प्राणी रंगवायला आवडतात, त्यांनी पेटी अवश्य घ्यावी. मगर तासभर जबडा उघडा ठेवून पडलेली असते आणि तिच्यासमोर वॉश वाळण्याची वाट पाहणे हा आनंदाचाच भाग होतो. हरणे, माकडे, अस्वल, कोल्हा आणि पक्षी यांच्यामागे लागणाऱ्यांनी मात्र, विशेषतः ते मुंबईकर असतील तर, पेन्सिलींपासून सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते. पेटी नंतर घेता येते, आणि पेन्सिलींनी केलेली सवय तिथेही उपयोगी पडते.

घ्यायचेच ठरले तर ३६ किंवा ७२ रंगांच्या संचाच्या मोहात पडू नये. सुट्या पेन्सिली मिळत असतील तिथून सहा घ्याव्यात: सेपिया, बर्न्ट सिएना, यलो ओकर, उबदार करडा, ऑलिव्ह हिरवा आणि गडद इंडिगो. सोबत दांड्यातच पाणी भरता येणारा एक वॉटर ब्रश, जुन्या धोतराचा फडका आणि चांगल्या पात्याचे शार्पनर एवढे पुरते. जाण्यासाठी बुधवार सोडून कोणताही दिवस निवडावा, कारण बुधवारी राणीची बाग आणि कात्रज दोन्ही बंद असतात, आणि शक्यतो सकाळी दार उघडताच आत जावे, म्हणजे प्राणी जागे असतात आणि कठड्याजवळ कोपर टेकायला जागा मिळते. इंडिगो मात्र दोन घ्याव्यात. गवा, अस्वल आणि पाणघोडा या तिघांत मिळून माझी पहिली एका पावसाळ्यात बोटाच्या पेराएवढी उरली.