डिटेलिंग वर्षातून किती वेळा? दीड वर्षानंतरचं माझं गणित

उत्तर आधीच सांगून टाकतो. गाडी रोज वापरात असेल आणि उघड्यावर उभी राहत असेल, तर पूर्ण डिटेलिंग (म्हणजे गाडीची आतून-बाहेरून खोल सफाई आणि रंगावर संरक्षक थर) वर्षातून दोनदा: एकदा मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर आणि एकदा दिवाळी उरकल्यावर. झाकलेल्या पार्किंगमधली, आठवड्यातून एखाद-दोनदा बाहेर निघणारी गाडी असेल तर एकदा पुरे. मशीन लावून रबिंग, म्हणजे बारीक रेघा जाण्यासाठी रंगाचा वरचा थर किंचित घासणं, मात्र दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही गरज दिसली तरच.

माझी गाडी काळी कॉम्पॅक्ट एसयूव्ही. राहायला पुण्यात वाघोलीला, म्हणजे टँकरचं पाणी आणि चहूबाजूंनी बांधकामं. ऑफिस कल्याणीनगरला, तिथे गाडी दिवसभर रेन ट्रीखाली. गाव चिपळूणकडे, त्यामुळे ऐन पावसाळ्यात घाटातून जाणं-येणं आणि जांभ्याची लाल माती. काळ्या रंगाचे जेवढे म्हणून शत्रू आहेत, ते सगळे माझ्या रस्त्यात. तुमची गाडी पांढरी किंवा सिल्व्हर असेल तर यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला दिसणारही नाहीत. बाबांची पांढरी वॅगन आर गावी पडवीशेजारच्या शेडमध्ये असते. वर्षातून एकदा आतून-बाहेरून साफ करून घेतो, ती माझ्या गाडीपेक्षा नवी दिसते.

मी सुरुवात केली ती वर्षाच्या पॅकेजने. दर महिन्याला फोम वॉश, व्हॅक्यूम, डॅशबोर्ड पॉलिश आणि वर 'बॉडी पॉलिश फ्री'. दुकानाचं नाव इथे घेत नाही, कारण अशी पॅकेजं जवळपास सगळीकडे मिळतात. "साहेब, दर महिन्याला हात मारत राहू, गाडी शोरूमसारखी राहील," असं ऐकलं होतं. पहिले दोन-तीन महिने तशी दिसलीही. मग एकदा पेट्रोल पंपावरच्या पांढऱ्या दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसल्या. पॉलिशमधल्या तेलाने त्या आतापर्यंत झाकल्या होत्या, तेल उतरलं की पुन्हा वर.

त्यानंतर एका जुन्या डिटेलरकडे गेलो. कामाला हात लावायच्या आधी त्याने पेंटची जाडी मोजायचं छोटं मशीन काढून बॉनेट, छत, चारही दरवाजे तपासले. आकडे 105 ते 120 मायक्रॉनच्या मधले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कंपनीतून आलेला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम 40-50. चमक त्यातच असते आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतोही तोच. कंपाउंड (घासायची पेस्ट) लावून मशीन जोरात फिरवलं तर त्यातले दोन-चार मायक्रॉन जाऊ शकतात, आणि गेलेला थर परत येत नाही. दर महिन्याला खरोखर कंपाउंड मारलं तर काय होईल याचा हिशोब तुम्हीच करा. बहुतेक ठिकाणी 'फ्री पॉलिश' म्हणजे रेघा तात्पुरत्या झाकणारं नुसतं तेलकट ग्लेझ असतं, हे एका अर्थी नशीबच. (जाता जाता: जुनी गाडी घेताना हे मशीन असलेला माणूस सोबत न्या. एखाद्याच दरवाज्यावर 250-300 दिसलं की तो पुन्हा रंगवलेला आहे, मग मालक काहीही म्हणो.)

त्याच्याकडे एकदा नीट रबिंग करून घेतलं, वर सीलंट (रंगाचं रक्षण करणारा कृत्रिम थर) लावलं, आणि तेव्हापासून दोनदाचं वेळापत्रक पाळतोय.

मेमधल्या कामाचा उद्देश चमक नाही, तयारी. क्ले (मातीसारखा मऊ, चिकट गोळा) मारून घ्यायचा, म्हणजे रंगावर रुतून बसलेली सिमेंटची धूळ आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण निघतात. मग सीलंट. कार्नोबा वॅक्स (झाडापासून मिळणारं मेण) दिसतं छान, पण पुण्याच्या उन्हात माझ्याकडे ते महिना-दीड महिन्यात संपलं. सीलंटवर मात्र अख्खा पावसाळा निघाला. आणखी एक काम आवर्जून सांगून करून घ्या. वायपरच्या खालची प्लॅस्टिकची जाळी आणि तिथली पाणी वाहून जाण्याची भोकं साफ करायला सांगा. रेन ट्रीची बारीक पानं तिथे जाऊन बसतात, कुजतात, पाणी तुंबतं आणि काही गाड्यांत ते थेट पायाशी कार्पेटमध्ये उतरतं. दरवाज्यांच्या खालच्या कडेलाही अशीच बारीक भोकं असतात, तीही बघून घ्या. हे पॅकेजच्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं.

दिवाळीनंतरचं काम मुख्यतः आतलं. चार महिने ओले बूट, ओल्या छत्र्या, बंद काचा. मॅट उचलून खालच्या कार्पेटवर तळहात दाबून ठेवा. गार लागला तर ओल आहे, आणि ओल असेल तर वरून कितीही परफ्यूम मारा, वास जाणार नाही. माझ्या मागच्या सीटबेल्टचा गुंडाळलेला भाग बाहेर ओढला तेव्हा त्यावर पांढरट बुरशीचे ठिपके होते. बाहेरून बेल्ट एकदम स्वच्छ. वाफेने सीट आणि कार्पेट साफ करून, दरवाजे उघडे ठेवून नीट वाळवायला दिवस जातो. दोन तासांत गाडी देतो म्हणणारा माणूस ओली गाडी देतो. एसीचा केबिन फिल्टरही तेव्हाच बदलावा, बऱ्याच गाड्यांत तो आपला आपण पाच मिनिटांत बदलता येतो.

लोक हे काम दसऱ्याच्या आधी करतात. तेव्हा दुकानांत रांगा असतात, घाईत काम होतं, परतीचा पाऊस बाकी असतो, आणि नंतर पूजेत बॉनेटवर हळद-कुंकू. हळदीचं काही नाही, उन्हात फिकी पडते. ओलं कुंकू मात्र पांढऱ्या रंगावर डाग ठेवून जातं, आणि हार लावायला चिकटवलेली टेप उन्हात वितळून बसते. दसऱ्याला घरीच बादलीभर पाण्याने धुवा, स्वस्तिक काढा, फटाक्यांचा धूर खाऊन होऊ द्या, मग दुकानात जा. नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यांत माणूस निवांत असतो, भावही करतो.

आता खरं सांगायचं तर गाडीचा रंग या दोन दिवसांत ठरतच नाही. रोज सकाळी फडकं कोण आणि कसं फिरवतं, त्यावर ठरतो. आमच्या सोसायटीत एक दादा एका बादलीत ओळीने सगळ्या गाड्या पुसतात. बादलीच्या तळाला वाळू, तेच फडकं माझ्या दरवाज्यावर. गोल रेघांचा मोठा भाग तिथून येतो. मी म्हटलं, "दादा, आधी पाणी मारा, मग फडकं." ते म्हणाले, "पाणी कुठंय साहेब, टँकर आलाच नाही." मुद्दा बरोबर होता. शेवटी ठरलं असं की रोज फक्त काचा आणि आरसे पुसायचे, बॉडीला हात लावायचा नाही. महिन्याचे पैसे तेवढेच. रविवारी मी स्वतः धुतो. एक बादली शॅम्पूची, दुसरी साध्या पाण्याची, आणि कोरडं करायला मायक्रोफायबर. भांड्यांचा साबण वापरत नाही, सीलंट उतरतं. टँकरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले की पांढरे ठिपके पडतात, म्हणून सकाळी सातच्या आत उरकतो.

पक्ष्यांची विष्ठा दिसली तर रविवारची वाट पाहू नये. तिच्यात युरिक ॲसिड असतं. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर एका दुपारीत क्लिअर कोटवर खड्ड्यासारखा डाग उठतो. बाटलीभर पाणी आणि एक ओलं फडकं गाडीत ठेवा. डागावर फडकं ठेवून भिजू द्या, मग उचला. घासू नका.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर लावायच्या कडक, टिकाऊ थराबद्दल, सगळेच विचारतात. मी केलं नाही. बाबांच्या गाडीवर करायचा प्रश्नच नव्हता आणि माझी उघड्यावर. '9एच'चा जो दाखला देतात तो पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाचा आहे. पेन्सिलने ओरखडा पडत नाही, इतकाच त्याचा अर्थ. किल्लीने, वाळूने, घाटात उडालेल्या खड्याने पडतोच. धुणं सोपं होतं, पाणी घरंगळतं, हे फायदे खरे आहेत. पण दादांचं वाळूचं फडकं चालू ठेवून वर सिरॅमिक करणं म्हणजे पैसे वाया. खड्यांची भीती असेल तर पुढच्या बंपरला आणि बॉनेटच्या कडेला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावा, तेवढ्याच भागाला.

तारखा पाळायच्या नसतील तर दोन चाचण्या आहेत. धुतलेल्या बॉनेटवर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा, खरखर लागली तर क्लेची वेळ झाली. पाणी मारल्यावर गोल थेंब न होता चादर पसरली, तर सीलंट संपलं. मी हे ऑगस्टच्या अखेरीस करून बघतो. गेल्या वेळी छतावर थेंब व्हायचे बंद झाले होते, दरवाज्यांवर होत होते. म्हणून फक्त छत आणि बॉनेटवर घरीच स्प्रे सीलंट मारलं, दुकानात गेलो नाही.

पुढचं बुकिंग मेच्या दुसऱ्या आठवड्याचं आहे. डॅशबोर्डवर ते चकचकीत सिलिकॉन लावू नका, एवढं आधीच सांगून ठेवलंय. त्याने उन्हात काचेवर प्रतिबिंब येतं आणि दोन दिवसांत दुप्पट धूळ बसते.