लांबची लेन्स की जवळची?

सफाई कामगारांचे फोटो काढायला 200 मिमीची लेन्स सोयीची. रस्त्यापलीकडून टिपा, कुणाला पत्ताही लागत नाही. माणूस स्वाभाविक, न अवघडलेला दिसतो, हे कबूल. पण त्याला विचारलेलं नसतं. शिवाय मागची गल्ली धूसर होऊन नुसता मळलेला चेहरा उरतो.

35 मिमीच्या, म्हणजे जवळच्या लेन्सला दोन पावलांवर जावंच लागतं. नाव विचारायचं, चहा घ्यायचा, कधी ‘नको’ ऐकून निमूट परतायचं. पहिले फोटो अवघडलेलेच येतात (माझे तर फारच). छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी कृष्णधवल छायाचित्रं काढली, ती रस्त्यापलीकडून जमणारी नाहीत. मी 35 घेईन, दिवसाला एकच फोटो मिळाला तरी.