सात महिने क्रिएटिन घेतलं, त्याचा हिशेब

विद्यापीठाच्या हॉस्टेलला राहतो, जिम बेगमपुऱ्याकडं. ऑगस्टमध्ये वजन ५८ किलो होतं, म्हणजे बनियनमध्ये हँगर. तेव्हा साधं, बिनफ्लेवरचं क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतलं, म्हणजे व्यायामात स्नायूंना जास्त जोर लावता यावा म्हणून घेतात ती पावडर. पहिला आठवडा रोज २० ग्रॅम खाऊन 'लोडिंग' करा असं सगळे सांगतात. मी केलं नाही. रोज ३ ग्रॅमनंही स्नायूंतला क्रिएटिनचा साठा भरतो, फक्त महिनाभर थांबावं लागतं. शिवाय २५० ग्रॅमचा डबा ८३ दिवस पुरतो, हे मेसचं बिल भरणाऱ्याला महत्त्वाचं.

चव काहीच नाही. पण थंड पाण्यात विरघळत नाही, पेल्याच्या तळाशी बारीक वाळू राहते. पुन्हा दोन घोट ओतून, खळखळवून प्यायचं. आता कोमट पाण्यात घेतो.

महिन्यात दीड किलो वाढलं. मी आरशापुढं खुश. पण त्यात बराचसा वाटा स्नायूंत ओढलेल्या पाण्याचा. खरा फरक बेंच प्रेसला दिसला. ४५ किलोचे सहा रेप्स मारले की हात थरथरायचे, दिवाळीपर्यंत नऊ जायला लागले. तेवढंच. मेसची डाळ पातळच असते, त्यामुळं सोयाबीनच्या वड्या आणि अंडी खोलीवर सुरू केली. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. हे क्रिएटिनच्या आधी करायला पाहिजे होतं.

मधे एक गाढवपणा केला. जिमच्या काउंटरवरून सुटं प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी घेतात ती पावडर, घेतलं, लेबल नाही, झिपची पिशवी. चेहऱ्याला मुंग्या आल्या, त्याचं काही नाही, ते त्यात घालतात त्या बीटा-अ‍ॅलनिनचं. पण छाती अशी धडधडायला लागली की रात्री तीनपर्यंत पंख्याकडं बघत पडलो. किती कॅफिन होतं देव जाणे. त्याच माणसानं पुढं 'ताकदीचं' इंजेक्शन सुचवलं. नाव वाचलं तर मेफेंटरमिन. भूल दिल्यावर पेशंटचा बीपी पडला तर वापरतात ते. जिमच बदलली.

जानेवारीत गावी तापात रक्त तपासलं, क्रिएटिनिन १.४, म्हणजे किडनीचं काम कळायला बघतात तो आकडा वाढलेला. घरात कल्ला. आई म्हणाली, "काय खायलास बाबा ते? किडन्या घालवतोस का?" मीही घाबरलो. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, पावडर घेतोस का? क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, म्हणून आकडा थोडा वर जाऊ शकतो. तीन आठवडे बंद ठेवलं, पुन्हा तपासलं: १.०. मग त्यांना विचारूनच परत चालू केलं. ज्याला किडनीचा त्रास आधीपासून आहे त्यानं मात्र या वाटेला जाऊ नये. आणि रक्त तपासायला गेलात तर पावडर घेतो हे आधीच सांगा, माझ्यासारखं विचारायची वाट बघू नका.

आता तिसरा डबा चालू आहे, वजन ६२. डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघतो, सील दुकानातच तपासतो. आईला अजून पटलेलं नाही. दर खेपेला शेंगदाण्याचे लाडू पाठवते, तेही खातो.