पोर्टेबल वर्गांच्या जागी काय उभारावं? तीन पर्याय आणि फरशीखालची हवा

कॅलिफोर्नियात १९९६ साली खालच्या इयत्तांचे वर्ग २० मुलांपर्यंत आणायची योजना आली, आणि खोल्या कमी पडल्या म्हणून शाळांच्या मैदानांवर पोर्टेबल वर्ग, म्हणजे कारखान्यात बनवून आणलेल्या, हलवता येणाऱ्या खोल्या, उतरवले गेले. त्यातले कितीतरी अजून तिथंच आहेत. आता डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, बाँड (मतदारांच्या मंजुरीने काढलेलं, मालमत्ता करातून फेडायचं कर्ज) मंजूर करून घेतला की ‘पोर्टेबल काढा’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्यांच्या जागी काय आणायचं, हे ठरवताना मात्र समिती अडते.

पर्याय तीन: जुन्याच्या जागी नवे पोर्टेबल, कारखान्यात बनून येणारी पण काँक्रीटच्या पायावर बसणारी कायमची मॉड्युलर इमारत, किंवा जागेवरच विटा-लाकूड-स्टीलचं नेहमीचं बांधकाम. बाँडला लागणारी ५५ टक्के मतं, खर्चावरची देखरेख समिती, ऑडिट हे तिन्हींना सारखंच लागू. भूकंपासाठीची राज्य आर्किटेक्ट विभागाची, म्हणजे डीएसएची, मंजुरीही तिन्हींना लागते. पोर्टेबलला त्यातून सूट मिळते हा गैरसमज आहे.

नवे पोर्टेबल सर्वांत स्वस्त वाटतात, कारण कोटेशनमध्ये नुसत्या खोलीची किंमत असते. वीज, फायर अलार्म आणि डेटाच्या केबलसाठी खणायचा चर, रॅम्प, पार्किंगपासून दारापर्यंत व्हीलचेअर जाईल अशी वाट, हे सगळं त्या आकड्याबाहेर राहतं. शिवाय बाँडची परतफेड २५-३० वर्षं चालते. युनिफाइड (प्राथमिक ते हायस्कूल सगळ्या शाळा असलेल्या) डिस्ट्रिक्टमध्ये एका बाँडची करमर्यादा दर १ लाख डॉलर मूल्यांकनामागे ६० डॉलर. म्हणजे ८ लाखांचं मूल्यांकन असलेल्या घराला वर्षाला ४८० पर्यंत. एवढी वर्षं हप्ता भरायचा, तर खोलीही तेवढी टिकायला हवी.

आवाजाचा मुद्दाही आहे. भिंतीवर टांगलेलं एसी युनिट घरघरतं, म्हणून शिकवताना शिक्षक ते बंद करतात. बाहेरची ताजी हवा त्याच युनिटमधून येत असल्यामुळे खोली कोंदट होते. नवी युनिटं बरीच शांत आहेत, त्यामुळे एवढ्यावरून पोर्टेबल बाद करणं कदाचित योग्य नाही.

आमच्या लेखी निकाल लागतो तो फरशीखाली. नेहमीचा वर्ग २४ बाय ४० फुटांचा, दोन अर्धुकं मधोमध जोडलेली. तो लाकडी पायावर जमिनीपासून उचलून बसवतात, खाली हवा खेळावी म्हणून. समजा फरशी १८ इंच वर आली. १ः१२ उतार (एक इंच चढायला बारा इंच लांबी) धरला तर १८ फूट रॅम्प, वर-खाली सपाट टप्पे वेगळे. रॅम्प आणि उंबरा यांच्यातल्या फटीत पावसाचं पाणी शिरतं, दारालगतचं प्लायवूड फुगतं, आणि दोन-चार हिवाळ्यांत आत पाऊल टाकलं की जमीन दबते. वरून कितीदाही नवं लिनोलियम घाला, उपयोग नाही. प्लायवूड बदलायचं तर आधी रॅम्प सोडवावा लागतो, आणि तेवढे दिवस वर्ग बंद. रॅम्प टाळण्यासाठी खड्डा खणून पोर्टेबल जमिनीलगत बसवायची पद्धतही आहे. मग फरशीखाली हवा जायच्या खिडक्या जमिनीच्या पातळीखाली जातात, पानांनी बुजतात, मैदानाचं पाणी तिथंच उतरतं, आणि कूज डोळ्यांआड वाढत राहते.

काँक्रीटच्या पायावरच्या मॉड्युलर इमारतीत फरशी बाहेरच्या वाटेच्या पातळीत ठेवता येते. रॅम्प नको. तळाची हवा आणि निचरा पहिल्या दिवसापासून नकाशात असतो. आणखी मोठी सोय म्हणजे कारखान्यात खोल्या बनत असताना इकडे पाया आणि चर होऊन जातात, नि सुट्टीत क्रेनने भाग उतरवता येतात. जागेवरच्या बांधकामाला सहसा एका उन्हाळ्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो. तोवर मुलांना बसवायचं कुठं? बहुधा भाड्याच्या पोर्टेबलमध्येच, आणि ते भाडं बाँडच्याच पैशातून.

तरीही वाचनालय, विज्ञानाची प्रयोगशाळा किंवा वेडावाकडा प्लॉट असेल तर जागेवरचं बांधकामच बरं. मॉड्युलरमध्ये ऑर्डर गेल्यावर भिंत हलवायची म्हटलं की खर्च भलताच वाढतो. क्रेनच्या वाटेतली झाडं आणि विजेच्या तारा आधीच मोजून ठेवाव्यात. डीएसएने आधी तपासलेले नकाशे वापरल्याने वेळ वाचतो खरा, पण ते चालू बांधकाम संहितेचे हवेत. १ जानेवारी २०२६ पासून २०२५ ची संहिता लागू आहे. विक्रेता त्याआधीच्या आवृत्तीचे नकाशे पुढे करत असेल तर नव्या अर्जाला ते चालत नाहीत.

राज्याच्या मदतीसाठी पोर्टेबल २० वर्षांचे झाले की आधुनिकीकरणाचा दावा करता येतो, कायमच्या इमारतीला २५ लागतात. म्हणून प्रत्येक खोलीचं वय आणि डीएसएकडची बंद न झालेली फाइल आधी शोधा. जुन्या कामाचं प्रमाणपत्र निघालेलं नसेल तर पुढची मंजुरी तिथंच अडते. आणि पटसंख्या घटत असेल तर सगळ्याच खोल्या बदलायची गरज नसते. काही नुसत्या काढल्या तरी भागतं.

बाँडच्या मतदानाआधी त्यातल्या प्रकल्पांच्या यादीतला एक शब्द जरूर पाहा. ‘पोर्टेबल दुरुस्त करणे किंवा बदलणे’ असं लिहिलं असेल तर त्या ‘किंवा’मुळे नुसता रंग मारूनही यादीतलं काम झालं असं दाखवता येतं. शाळेच्या नावासह ‘काढून त्या जागी कायमच्या वर्गखोल्या’ असं लिहून घ्या, आणि जुने पोर्टेबल उचलून नेणं त्याच कंत्राटात घाला. ते वेगळं ठेवलं की नवी इमारत उभी राहते आणि जुन्या खोल्या सामान ठेवायला म्हणून मैदानातच राहतात.