बेटकास्टर रीळ आहे, रॉड कुठला? साडेसहा फुटी की सव्वासात फुटी

आमच्याकडे गळाने मासे धरणाऱ्या बहुतेकांचं रीळ (दोरी गुंडाळायची चकरी) आधी येतं आणि रॉड (गळाची काठी) मागाहून. गल्फमधला भाऊ सुट्टीवर येताना रीळ आणतो, ते चार महिने कपाटात राहतं, आणि मग ‘ह्याला रॉड कुठला लावू?’ म्हणून विचारपूस सुरू होते. दुकानदार पहिला प्रश्न लांबीचा विचारतो. माझ्या मते तो शेवटी विचारावा.

धरून चालू की रीळ बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर बसणारं, लो-प्रोफाइल (बुटक्या ठेवणीचं), दोनशे साइजचं आहे. ३० पौंड ताण सोसणारी ब्रेड (विणलेली दोरी) साधारण दीडशे मीटर मावते, ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी किती ताणाला सुटावी ते ठरवणारी पकड) पाच-सहा किलोपर्यंत. समोर दोन रॉड आहेत. एक साडेसहा फुटी मीडियम-हेवी (बेताचा ताठ), अंगावर छापलंय १०–३० ग्रॅम (ल्युअरचं, म्हणजे नकली आमिषाचं वजन), १२–२५ पौंड (दोरीची ताकद). दुसरा सव्वासात फुटी हेवी (जास्त ताठ), २०–६० ग्रॅम, ३०–५० पौंड. हातात घेतल्यावर दुसराच भारी वाटतो. मीही तोच घेतला होता.

मालवणजवळच्या देवबागला, नदी-समुद्राच्या संगमाजवळ पहिल्यांदा नेला. दुपार कलली होती, खारा वारा थेट तोंडावर. दोरीला १२ ग्रॅमचं जिगहेड (वजनदार डोक्याचा गळ) आणि रबरी मासळी. तिसऱ्या फेकीला स्पूलवर (रिळातल्या दोरीच्या फिरकीवर) अशी गुंतवळ झाली की अर्धा तास मी दगडावर बसून नखांनी एकेक वेढा उकलत होतो. सुकती (ओहोटी) तेवढ्यात संपून गेली. शेजारी साध्या तंगुसाने (नायलॉनच्या दोरीने) गरवणारे एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “काय रे, गरवतंस की कापूस पिंजतंस?”

चूक रिळाची नव्हती. रॉडखाली लटकणाऱ्या स्पिनिंग रिळाचा स्पूल जागेवर स्थिर असतो, दोरी नुसती सुटून जाते. बेटकास्टरमध्ये उडणाऱ्या ल्युअरलाच स्पूल फिरवावा लागतो. रॉड मागे नेल्यावर ल्युअरच्या वजनाने वाकला पाहिजे आणि सुटताना त्याच वाकाने ल्युअरला हळूहळू वेग दिला पाहिजे. २० ग्रॅमपासून पुढे काम करणारा रॉड १२ ग्रॅमला वाकतच नाही. मग आपण दंडाची ताकद लावतो, स्पूलला हिसका बसून तो सुसाट सुटतो, ल्युअर वाऱ्यात मंदावतो, आणि सुटलेल्या दोरीला जायला वाट उरत नाही. स्पूलचा ब्रेक वाढवून गुंता थांबतो खरा, पण फेक पंधरा मीटरवर पडते.

म्हणून आधी स्वतःचा ल्युअरचा डबा तराजूवर ठेवा. खाडीत वापरायचे रबरी मासे आणि लहान मिनो (माशाच्या आकाराचे कडक ल्युअर) बहुतेक १० ते २५ ग्रॅममध्ये बसतात. तसं असेल तर साडेसहा फुटी घ्या, निर्णय तिथेच झाला. डब्यात ३०–४० ग्रॅमचे पॉपर (पाण्यावर फटफटणारे ल्युअर) आणि धातूचे जिग असतील, आणि तुमची जागा देवगड-विजयदुर्गकडचा कातळ असेल, तर लांब रॉडला अर्थ आहे. कातळाच्या धारेला कालवं असतात. ब्रेड त्यांना घासली की कापलीच. लांब रॉडने दोरी धारेपासून थोडी तरी वर राहते. उलट होडीत किंवा तिवरांच्या फांद्यांखाली तोच रॉड डोक्यावर आपटतो. तिथे मनगटाने खालून ल्युअर सरकवायचा असतो, आणि त्यासाठी मुठीमागचा दांडा आखूड हवा.

पौंडाचा आकडाही बघाच. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावायचा, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो. एवढ्या ताणाला ५० पौंडी रॉड कमी वाकतो, मग माशाचा प्रत्येक झटका गाठीवर आणि गळावर येतो. चोणक (रायगडात जिताडा म्हणतात तोच) पाण्याबाहेर उडून डोकं झाडतो; तेव्हा वरून निम्म्यापर्यंत वाकणारा मॉडरेट-फास्ट रॉड गळ तोंडात टिकवून ठेवतो. तांबोशीचं उलटं आहे. ती घास घेते आणि थेट मुळांत किंवा कपारीत शिरते. तिला पहिल्या दोन सेकंदांत अडवलं नाही तर दोरी गेली म्हणायची, आणि तिथे हेवी रॉडच कामाचा. पण मग दोरी ४०–५० पौंडाची भरा, ती कमी मावेल ते चालेल, आणि ड्रॅग आवळा.

पुळणीवरून रावसासाठी लाटांपलीकडे फेकायचं असेल, तर दोन्ही रॉड आणि हे रीळ घरीच ठेवा. वाऱ्यात नऊ-दहा फुटी स्पिनिंगला तोड नाही.

घरात पडलेल्या स्पिनिंग रॉडला हेच रीळ बांधा, असा सल्लाही कुणी देईल. बसतं, पण चालत नाही. बेटकास्टर रॉडच्या वर बसतो आणि दोरी वरच्या कड्यांतून जाते. स्पिनिंग रॉडची कडी संख्येने कमी, आणि पहिलं कडं भलंमोठं. ही कडी वर फिरवली की ओढीखाली कड्यांमधली दोरी रॉडच्या अंगाला घासते. शिवाय बोट अडकवायला मुठीखाली ट्रिगर नसतो. ओल्या हातात रॉड गरकन फिरतो.

दुकानात जाताना रीळ बरोबर न्या. रॉडला बसवा, सीट (रिळाचा पाय बसतो ती खोबण) आवळा, पायाखाली फट राहते का बघा. अंगठा स्पूलवर सहज टेकतोय का? मग दोरी सगळ्या कड्यांतून ओवून टोक कुणाला तरी धरायला द्या आणि रॉड हळूहळू वाकवा. दोन कड्यांच्या मध्ये दोरी रॉडला टेकली, तर तो रॉड परत ठेवा. शेवटी कापसाचा बोळा प्रत्येक कड्यातून फिरवा. तंतू अडकला म्हणजे आतल्या सिरॅमिकला चीर आहे, आणि ती चीर ब्रेड खाते.

राहिला प्रश्न नेण्याआणण्याचा. एसटीने किंवा दुचाकीवर फिरत असाल तर मधोमध जोडाचा दोन तुकड्यांचाच घ्या. साडेसहा फुटाचे सव्वातीन-सव्वातीन फूट होतात. अखंड रॉडची फेक थोडी सरस, पण माझ्या मित्राच्या अखंड रॉडचं टोक कणकवली स्टँडवर एसटीच्या दारातच मोडलं. आत सीट रिकामी होती.