नवीन टीम लीड झालात? लीडरशिपच्या कुठल्या थिअरीवर वेळ घालवायचा

प्रमोशन झालं की एचआरवाले लीडरशिप ट्रेनिंगला बसवतात, दोन दिवसांत सात-आठ थिअऱ्या स्लाइडवरून सरकतात, आणि सोमवारी परत टीमसमोर उभं राहिल्यावर त्यातलं नेमकं काय वापरायचं हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून इथे प्रत्येक थिअरीला दोनच प्रश्न लावतोय. आठ-दहा माणसं पहिल्यांदाच हाताखाली आलेल्याला ही थिअरी काय करायला सांगते, आणि तसं केल्याने फरक पडतो याला पुरावा किती? अडचण ही आहे की वापरायला सोपी आणि पुराव्याने भक्कम अशी एकच थिअरी सापडत नाही.

सगळ्यात जुनी म्हणजे गुणांची थिअरी, नेता जन्मावाच लागतो असं म्हणणारी. थॉमस कार्लाइलने १८४० मध्ये लंडनला थोर पुरुषांवर व्याख्यानं दिली तिथपासून ही चाललीये. १९४८ मध्ये राल्फ स्टॉगडिलने तोवरचा अभ्यास चाळून सांगितलं की नुसत्या गुणांवरून कोण नेता होईल ते ठरत नाही, परिस्थितीही बघावी लागते. २००२ मध्ये टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी परत आकडे एकत्र केले तेव्हा बोलक्या, मोकळ्या स्वभावाचा नेतृत्वाशी ०.३१ इतका संबंध निघाला (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण). म्हणजे गुण अगदीच निरुपयोगी नाहीत, पण हे कामाचं आहे ते माणूस निवडणाऱ्याला. तुमची निवड झालेली आहे, त्यामुळे यावर वेळ घालवू नका, आणि शांत स्वभावाचे असाल तर उगाच खचूनही जाऊ नका.

मग आली वागण्याची थिअरी. कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी अमेरिकेत आयोवामध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे हॉबी क्लब घेऊन प्रयोग केले, १९३९ मध्ये ते छापून आले. हुकूम सोडणारा मोठा माणूस खोलीबाहेर गेला की त्या गटातलं काम ढेपाळायचं, आणि सगळ्यांना विचारून चालणाऱ्याच्या गटात मात्र तो नसतानाही काम बऱ्यापैकी चालू राहायचं. प्रयोग लहान मुलांवरचा आहे हे खरं, तरी यातून एक चाचणी फुकटात मिळते, तुम्ही दोन दिवस रजेवर गेलात तर काम किती पुढे सरकतं ते बघा.

आता खरी तुलना. फीडलरची थिअरी की हर्सी-ब्लँचर्डची?

दोघंही म्हणतात की परिस्थितीप्रमाणे पद्धत बदलते, पण पुढे वाटा एकदम वेगळ्या होतात. फीडलर (१९६७) म्हणतो माणसाची स्टाइल सहजी बदलत नाही, म्हणून माणसाला जुळेल अशी जागा द्या नाहीतर जागाच थोडी बदला. त्याचं मोजमाप पण वेगळंच आहे, ज्याच्यासोबत काम करणं तुम्हाला सगळ्यात अवघड गेलं त्या सहकाऱ्याला मार्क द्यायचे आणि त्यावरून तुम्ही कामाकडे झुकलेले की नात्यांकडे ते ठरवायचं. याला संशोधनाचा आधार बऱ्यापैकी आहे, पण कोणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं हे ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी ते आहे. नवीन लीडच्या हातात ते नसतं.

हर्सी आणि ब्लँचर्ड (१९६९) उलट सांगतात, स्टाइल तुम्हीच बदलायची. समोरचा त्या कामात नवखा असेल तर स्पष्ट सूचना द्या, थोडा तयार झाला की समजावून सांगा, मग विचारात घ्या, आणि पूर्ण तयार झाला की सोपवून मोकळे व्हा. ट्रेनिंगमध्ये ही सगळीकडे शिकवतात, पण पुरावा मात्र तोकडा आहे. १९८७ मध्ये व्हेक्कियोने शाळेतल्या शिक्षकांवर तपासलं तेव्हा नवख्यांच्या बाबतीत ती बरी जुळली, अनुभवी लोकांच्या बाबतीत नाही. तरीही मी नवीन लीडला हीच आधी शिकायला सांगेन, कारण तिच्यात एक बारकावा आहे जो लोक कायम विसरतात, तयारी माणसाची नाही तर त्या एका कामातली बघायची असते. बारा वर्षं जुन्या मशीनवर काढलेला ऑपरेटर नवीन सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) नवखाच असतो, आणि "तुम्ही सीनियर आहात, बघून घ्या" म्हणून त्याला सोडून देणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. तो लाजेने विचारत नाही आणि बनवलेले पार्ट रिजेक्ट होत राहतात.

ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिपचं नाव सगळ्यात मोठं. बर्न्सने १९७८ मध्ये मांडलं, बर्नार्ड बासने १९८५ मध्ये कंपन्यांसाठी वाढवलं: मोठं स्वप्न दाखवा, माणसांना प्रेरणा द्या, प्रत्येकाकडे वेगळं लक्ष द्या. याच्या समोर उभी असते ट्रान्झॅक्शनल, म्हणजे काम ठरवा, झालं की ठरलेलं द्या, आणि ट्रेनर लोक हिला कमी दर्जाची म्हणून सांगतात. जज आणि पिकोलोने २००४ मध्ये सगळे अभ्यास एकत्र केले तर पहिलीचा चांगल्या परिणामांशी संबंध ०.४४ आणि "ठरलेलं द्या" याचा ०.३९ आला. इतका कमी फरक! आणि २०१३ मध्ये व्हॅन निपेनबर्ग आणि सिटकिन यांनी ट्रान्सफॉर्मेशनलची व्याख्या आणि मोजणी दोन्हीवर गंभीर आक्षेप घेतले. माझं ठाम मत असं की नवीन लीडने स्वप्न दाखवण्याआधी अप्रेझलमध्ये कशाला किती वजन आहे ते स्पष्ट सांगावं आणि शब्द पाळावा. जज-पिकोलोच्या त्याच अभ्यासात काहीच न करणाऱ्या, निर्णय टाळणाऱ्या बॉसचा आकडा उणे ०.३७, म्हणजे उलटा संबंध होता, तेव्हा "मी टीमला फ्रीडम देतो" म्हणत गायब होणं हा पर्यायच नाही.

आपल्याकडे एका माणसाचं नाव फार कमी घेतलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा, त्यांनी भारतीय संस्था बघून १९८० मध्ये स्वतःचं मॉडेल मांडलं. आपल्याकडे लोक बॉसकडे मोठ्या माणसासारखं बघतात, आधार शोधतात, नातं वैयक्तिक धरतात, म्हणून लीडरने माया लावावी, हाताखालच्या माणसाच्या प्रगतीत रस घ्यावा, पण ती माया कामाला बांधलेली असावी, आणि माणूस तयार होत गेला की हळूहळू निर्णयात सामील करून घ्यावं. घरी आई आजारी आहे का हेही विचारायचं आणि डेडलाइनही सोडायची नाही, हे दोन्ही एकाच माणसाने करायचं. नवख्या टीमवर पहिल्या दिवसापासून सगळं मतदानाने ठरवायचं ओझं टाकण्यापेक्षा हे मला जास्त पटतं. पण बंगळूरमधल्या एखाद्या स्टार्टअपमध्ये सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, तिथे पोरं दुसऱ्याच टप्प्यावर असतात, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

निवडायचंच असेल तर माझा क्रम असा: कामागणिक तयारी बघायला हर्सी-ब्लँचर्ड, बोलण्या-वागण्याला सिन्हा, आणि बक्षीस-अप्रेझलला साधी ट्रान्झॅक्शनल. यासोबत ग्रेन आणि सहकाऱ्यांची १९७५ ची मांडणी वाचा, की लीडर नकळत टीमचे जवळचे आणि लांबचे असे दोन गट करतो. महिनाअखेरीला कॅलेंडर उघडून बघा, तुम्ही कोणाशी किती वेळ बोललात, चांगली कामं कोणाला गेली, आणि ज्याचं नाव कुठेच नाही त्याला पुढच्या आठवड्यातली पहिली मीटिंग द्या.